अन्फिसामावशी कुणाकडे पाहत होती?

मॉस्को, ४ मे १९२६

ती. अन्फिसामावशीस,
कापाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुकवलेल्या अळंब्यांची माळ, दोन्ही सुखरूप पोचलं. माळ मी स्वयंपाकघरात टांगली. पण आमचं स्वयंपाकघर सगळ्या मजल्याचं मिळून एक, त्यामुळे माळ रोज आखूड होते आणि अळंब्यांच्या सूपचा वास सगळ्यांच्याच स्टोव्हवरून येतो. कुणी काही कबूल करत नाही. भेटल्यावर माझी तब्येत मात्र फार प्रेमाने विचारतात.

तू विचारलं होतंस की मी दिवसभर करते तरी काय आणि माझ्या पत्राला पिकल्या नासपतीचा वास का येतो. नासपती नाही गं, फीत चिकटवायचा डिंक आहे तो. आमची माणसं सिनेमाचं यंत्र घेऊन देशभर हिंडतात, जे दिसेल ते फितीवर भरून आणतात, आणि ती फीत माझ्या टेबलावर येते. मी कापायची, कडा खरवडायची, डिंक लावायचा आणि जोडायची. आधी कारखाना, मग धूर, मग धुराकडे पाहणारा माणूस. अशा जोडणीचा वार्तापट होतो आणि तो गावोगाव दाखवतात.

आमचे प्रमुख वेनियामिन ओसिपोविच गोरेलिक. त्यांच्या मते नट म्हणजे पगारी खोटारडा. नट नको, रचलेली गोष्ट नको, तोंडाला रंग नको. आयुष्य बेसावध असताना पकडायचं, असं ते म्हणतात. स्वतः मात्र इतके सावध, की चहा पिण्याआधी कपात वाकून पाहतात. आता त्यांना वसंतातलं खेडं हवं आहे आणि मी आपल्या बेरेझानकाचं नाव सुचवलं. यंत्र घेऊन सावेली नावाचा माणूस येईल. उंच, वाकलेला, भिडस्त. त्याला तुझ्या अंगणातल्या न्हाणीघरात ठेव. आणि मावशी, हात जोडते, कुणाला सांगू नकोस. लोक जसे आहेत तसेच हवेत.

शेजारच्या निकीफोर सिदोरिचशी तू अजून बोलत नाहीस का? मधमाशी चावली ती त्याच्या पेटीतली, तो नव्हता चावला. तुझ्या नाकाला विसर पडला असेल तर तुलाही पडू दे.

आई गेल्यापासून तुझ्या मायेवर वाढले आहे. तीत खंड पडू देऊ नकोस, ही विनंती.

तुझी
कापा

•

बेरेझानका, २० मे १९२६

चि. कापास,
अन्फिसाचे अ. उ. आ.

तुझा सावेली आला. मी कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. फक्त मार्फाला सांगितलं, तेही शपथ घालून. मार्फाने सगळ्यांना सांगितलं, पण तिनेही प्रत्येकाला शपथ घातली होती, त्यामुळे तिला बोल लावता येत नाही.

त्याची गाडी वेशीशी आली तेव्हा सगळं गाव घरातले सगळ्यांत चांगले कपडे घालून उभं होतं. आपल्याकडे चांगला कपडा म्हणजे हिवाळ्याचा. भर उन्हात लोकरी कॉलर, नमद्याचे बूट, डोक्याला शाली. सगळे फोटोसाठी उभे राहतात तसे श्वास रोखून उभे. सावेलीने यंत्राची मूठ फिरवली, कुणी पापणी हलवेना. त्याने विनवलं, बाबांनो हला, चाला, हे हलणारं चित्र आहे. तेव्हा लोहार एक पाऊल पुढे आला आणि पुन्हा तसाच उभा राहिला. म्हातारी उस्तिन्या घामाने भोवळ येऊन पडली. सावेली म्हणाला, दिवसभरात तेवढंच एक खरं दृश्य मिळालं.

ग्रामसोव्हिएतचे अध्यक्ष पान्तेलेई तुला माहीतच आहेत. त्यांनी भाषण केलं. सावेलीने नम्रपणे सांगितलं की यंत्राला ऐकू येत नाही. तर ते मोठ्याने बोलायला लागले.

मग बिचारा लपून बसू लागला. गवताच्या गंजीत लपला, तिथे बायका गरम पिरोगी घेऊन गेल्या, उपाशी असेल म्हणून. झाडावर चढला, तर खाली माणसं रांगेने उभी राहिली, उतरल्यावर आपलं काढेल म्हणून. शेवटी गावालाच कंटाळा आला आणि जो तो आपापल्या कामाला लागला. त्यानंतर त्याने काय काय टिपलं ते मला ठाऊक नाही. मी माझ्या गोठ्यात होते. झोर्का व्यायली. कालवड झाली, कपाळावर चांदणं, आणि उठायच्या आधीच मला चाटायला लागली. तुझे फ्योदरकाका लढाईत गेल्यापासून या घरात काही नवीन जन्माला आलं नव्हतं. मी दारात उभी राहून नुसती बघत बसले. दूध उतू गेलं.

दुसरे दिवशी निकीफोरचं एक मोहोळ उठलं आणि थेट सावेलीवर जाऊन बसलं. टोपीवर, खांद्यावर, यंत्रावर. निकीफोर शांतपणे चालत गेला, उघड्या हाताने ओंजळ ओंजळ माश्या काढून पेटीत सोडत राहिला, आणि त्याला म्हणाला म्हणे की मूठ फिरवणं थांबवू नको, तो आवाज त्यांना आवडतो. हे मला मार्फाने सांगितलं. मी त्याच्याशी बोलत नाही. माझं नाक अजून जरा डावीकडे आहे.

गाडीवाल्याबरोबर लोणी पाठवते आहे. या वेळी ते खोलीत ठेव. बाकी माया आहेच, तिला कुलूप लागत नाही.

तुझी मावशी
अन्फिसा

•

मॉस्को, १५ जून १९२६

ती. मावशीस,
कापाचा सा. न., पुढे बातमी अशी,

वार्तापट तयार झाला. गोरेलिकना आवडला! मावशी, त्यांना काही आवडलं की ते बोलत नाहीत, नुसतं चष्मा पुसतात. या वेळी इतका वेळ पुसला की मला वाटलं काच झिजेल. बेरेझानकाचा भाग संपला तेव्हा खोलीत कुणी खोकलंही नाही. झाडूवालीने तर रुमालाने डोळे टिपले.

सावेलीने तुला गोठ्याच्या दारात टिपलं आहे, तुला न कळता. तुझा तो चेहरा मी टेबलावर भिंगातून पाहिला आणि हातातली कात्री खाली ठेवली. असा चेहरा वाया कसा घालवायचा? म्हणून मी तो चांगल्या ठिकाणी बसवला आहे. तिथे तू आणि निकीफोर सिदोरिच असे एकापाठोपाठ एक येता. त्यात विशेष काही नाही, जोडणीत असं चालतं. फिरतं सिनेमायंत्र पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येईल तेव्हा बघ आणि मला कौतुकाचं पत्र लिही. रागाचं नको.

लोणी खोलीत ठेवलं होतं. खोलीत उंदीर आहेत. तेही आता माझी तब्येत विचारतात.

आहे तो जिव्हाळा वार्तापट पाहिल्यावरही तसाच राहावा, एवढी आगाऊ प्रार्थना.

कापा

•

बेरेझानका, २२ जुलै १९२६

कापिटोलिना,

आशीर्वाद या खेपेला रोखून ठेवले आहेत. पत्र संपेपर्यंत वाटलं तर शेवटी देईन.

सिनेमा आला. वाचनघरात चादर बांधली. वीज काढायच्या यंत्राची मूठ गावची पोरं आळीपाळीने फिरवत होती. पोरं दमली की चादरीवरची माणसंही दमल्यासारखी हळू चालायची, आणि नव्या दमाचा पोरगा लागला की धावायची. आधी अध्यक्षांचं भाषण. तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय. आणि त्यांच्यापाठोपाठ तू काय लावलंस? हंस! हंसही तोंड उघडतायत, मिटतायत. वाचनघर हसून फुटायची वेळ आली. अध्यक्ष सगळ्यात शेवटी हसले, ते हंसांना.

आणि मग मी. सबंध चादरभर मी! नाकासकट. एकटक पाहते आहे, ओठ जरासे उघडे, आणि डोळ्यांत ते तसलं काहीतरी. माझ्यापाठोपाठ निकीफोर, उघड्या हाताने माश्या काढतोय. त्याच्यापाठोपाठ पुन्हा मी, आता हसतेय आणि मनगटाने डोळे पुसतेय. पुन्हा निकीफोर. पुन्हा मी.

सगळं गाव बाकांवर मागे वळलं. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे. मागून कुणीतरी शीळ घातली. निकीफोर उठला, बाक पाडलं, त्याच्यावर बसलेल्या चौघांनाही पाडलं आणि निघून गेला.

अगं, मी वासराकडे पाहत होते! तुला मी स्वतः लिहिलं होतं. हे डोळे माझे, हे हसणं माझं, त्या माश्याही खऱ्या. यात कुणी खोटं बोललं नाही, आणि तरी सगळं मिळून धादांत खोटं! हे कसं केलंस तू? आमच्या वेळी थापा मारायला निदान तोंड तरी उघडावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी एक परका माणूस कुंपणापाशी आला. कुत्रा त्याला चावला. नीट पाहिलं तर निकीफोर. दाढी काढलेली! त्याला हनुवटी आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मधाची बरणी ठेवली, बाकावर बसला, अवाक्षर न काढता गेला. आता रोज येतो. बरणी ठेवतो, बसतो, जातो. कुत्राही आता त्याला ओळखायला लागलाय. मार्फा विचारते, लग्नाचं पीठ कधी भिजवायचं. अध्यक्ष म्हणतात, नोंदणी मी स्वतः करीन, आणि भाषणही करीन.

आणखी एक. यंत्र कुठेही लपलेलं असू शकतं हे कळल्यापासून गाव सुधारलंय. लोहार शिव्या देण्याआधी झाडावर बघून घेतो. कुंपणाआड कुणी बसत नाही. म्हातारी उस्तिन्या न्हाणीघरातसुद्धा शाल पांघरून जाते. हे फार दिवस चाललं तर इथे राहणं अवघड होईल.

तू निकीफोरला लिही आणि खरं काय ते सांग. मी तुझ्या त्या सत्यवाल्या गोरेलिकलाही लिहिते आहे.

आशीर्वाद अर्धे पाठवते. उरलेले चूक निस्तरल्यावर.

तुझीच, पण संतापलेली
अन्फिसा

•

बेरेझानका, २५ जुलै

माननीय कापिटोलिना हिस, शेजारी निकीफोर सिदोरिच याचा नमस्कार.

मी फार लिहीत नाही. माश्यांना लिहावं लागत नाही.

विचारायचं एवढंच, की त्या चादरीवर तुझी मावशी कुणाकडे पाहत होती. सगळे म्हणतात माझ्याकडे. मी त्या दिवशी मोहोळात गुंतलो होतो, मी वर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आता वाटतं. माझ्याकडे असं कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि आठवण माझी चांगली आहे.

यंत्र खोटं बोलतं का ते मला ठाऊक नाही. तू त्यातली, तुला ठाऊक असणार. खरं असेल तर मी दाढी ठेवणार नाही. खोटं असेल तर थंडीआधी कळव, हनुवटी गारठते.

मध पाठवत आहे. उत्तर काहीही असलं तरी मध तुझाच.

निकीफोर

•

मॉस्को, ५ ऑगस्ट १९२६

ती. मावशीस,
तुझ्या अर्ध्या आशीर्वादांची कापा पुरा सा. न. करून लिहिते की,

झालं तुझ्या मनासारखं. तुझं पत्र गोरेलिकनी जोडणीच्या खोलीत उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वासराचा भाग दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं की ती बाई त्या माणसाकडे पाहत होती की नाही. मी म्हटलं, नाही. त्या दिवशी? म्हटलं, तो दिवसही तो नव्हता. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घरचंच कुणीतरी गेल्याची बातमी दिली आहे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की नटांना हाकलून आपण दार बंद केलं, आणि खोटं कात्रीबरोबर खिडकीतून आत आलं.

आता ते स्वतः सावेलीला घेऊन बेरेझानकात येणार आहेत. तू निकीफोरकडे खरोखर कशी पाहतेस ते टिपणार आणि दुरुस्तीचा वार्तापट काढणार. त्यात तू त्याच्याकडे रागाने, कंटाळून किंवा मुळीच न पाहताना दिसलीस, तर माझं टेबल दुसऱ्या कुणालातरी मिळेल. मला पुन्हा दोरखंडाच्या कारखान्यात जावं लागेल. तिथे नासपतीचा वास येत नाही.

मी तुला नाटक कर असं मुळीच सांगत नाही. नाटक आम्हाला वर्ज्य आहे. फक्त निकीफोर समोर आला, तर त्या क्षणी तुला वासराची आठवण येऊ नये असा काही कायदा नाही.

निकीफोरला मी उत्तर दिलं. खोटं लिहावं असं फार वाटलं, त्याचा मध समोरच होता. पण खरं तेच लिहिलं, की मावशी वासराकडे पाहत होती आणि जोडणी माझी. ते पत्र टाकून आले तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. मधही नाही.

रागावलीस तरी चालेल, पण परकी करू नकोस.

कापा

•

बेरेझानका, २९ ऑगस्ट १९२६

चि. कापास अ. उ. आ. (पुरे)

तुझा गोरेलिक येऊन गेला. घोडे विकत घ्यायला आलेला व्यापारी म्हणून आला होता. नाकावर चष्मा, आणि घोड्याच्या कोणत्या टोकाला चारा घालतात हेही माहीत नाही. यंत्र कोबीच्या पिंपात लपवलं होतं. गावाने ठरवून टाकलं की आपल्याला काही कळलंच नाही असं दाखवायचं. मग काय विचारतेस! सगळे बेसावधपणाचं नाटक करायला लागले. मार्फाने एकच चादर नदीवर जाऊन चार वेळा धुतली. लोहार घोड्याला नाल ठोकताना सहज म्हणून गाणं म्हणत होता. घोडा त्याचा नव्हता, नाल आधीच ठोकलेली होती. अध्यक्ष पिंपासमोरून पुस्तक वाचत इतक्या फेऱ्या घालत होते, की शेवटी पिंपाच्या आतून सावेलीला म्हणावं लागलं, जरा बाजूला व्हा.

गोरेलिक माझ्या माळ्यावर झोपायचा. माणूस वाईट नाही. पिरोगी खाताना मात्र आत काय आहे ते उघडून बघतो. एका संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाला की मी सगळ्या देशाला बेसावध पकडायला निघालो आणि आता देश माझी वाट पाहत सावध बसलाय. मी म्हटलं, चहा घ्या.

निकीफोर येत नाही. तुझं पत्र आल्यापासून नाही. बरंच झालं, घरात शांतता आहे. दाढी पुन्हा वाढवतोय, साळिंदरासारखा दिसतो. बाक रिकामं असतं. कुत्रा त्याच्या वेळेला कुंपणाशी जाऊन बसतो, त्याला कोण समजावणार. मला काही वाटत नाही. बरण्या तेवढ्या परत करायला हव्यात म्हणून मी गेले, तर तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही नव्हता. एक एक बरणी नेते, जड असतात. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मध काढत होता. डोक्यावर टोपी नाही, हातात धुराचं डबडं, माश्यांशी काहीतरी पुटपुटत होता. मी कुंपणाशी उभी राहिले, मग बरणी तिथेच ठेवून आले. वाटेत लिंडनच्या झाडातून सावेलीचा बूट लोंबत होता. जागा होता की झोपला होता, मी पाहिलं नाही.

गोरेलिक तोंड पाडून गेला. म्हणाला, फीत संपली, नाटकाशिवाय काही मिळालं नाही. तुझ्या टेबलाचं काय होतं ते कळव. गेलं तर दोरखंडाच्या कारखान्यात जाऊ नकोस, इकडे ये. गोठ्यात जागा आहे आणि कालवड माझं ऐकत नाही.

तुझी, अगदी शांत असलेली
अन्फिसा

•

मॉस्को, १८ सप्टेंबर १९२६

माझी मावशी,

सा. न. वगैरे सगळं आहेच. पण आधी बस. उभी राहून वाचू नकोस.

बेरेझानकाची फीत धुऊन आली. पहिल्यांदा मीच पाहिली. मार्फाची चादर, लोहाराचं गाणं, अध्यक्षांच्या फेऱ्या. बघता बघता मी मनातल्या मनात टेबलाचा निरोप घेत होते. मग शेवटचं रीळ. उंचावरून, पानांच्या फटीतून. निकीफोर पेट्यांवर वाकलेला, पाठमोरा. आणि त्याच चित्रात, कुंपणापलीकडे, बरणी पोटाशी धरून तू. कापलेलं नाही, जोडलेलं नाही. एकाच चौकटीत तुम्ही दोघं.

मावशी, तू तिथे बरणी ठेवायला म्हणून गेलीस असं लिहितेस. तू उभी आहेस. उभीच आहेस. धूर तुझ्यापर्यंत येतो, तू हात हलवून तो बाजूलाही करत नाहीस.

मी गोठ्याच्या दारातली जुनी फीत काढली आणि दोन्ही शेजारी उजेडात धरल्या. तेच डोळे. तेच ओठ. फरक एवढाच, की वासराकडे पाहताना तू हसलीस आणि इथे हसायला विसरली आहेस.

गोरेलिक आले. मी भिंग पुढे केलं. ते एकेक चौकट पाहत गेले. मला वाटलं आता म्हणतील, हेच हवं होतं, दुरुस्तीच्या वार्तापटात घाला, सगळ्या देशाला दाखवा. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, “हे आपलं नाही, कापा. तिला विचार.”

सावेली म्हणाला की आपण कधीच कुणाला विचारत नाही, विचारलं की माणूस सावध होतो. त्यावर गोरेलिक म्हणाले की पकडण्याआधी विचारायचं नाही हे खरंच. पण पकडल्यावर विचारायचं असतं, ते आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता दारावर तसा कागदच लावून ठेवणार आहेत. माझं टेबल माझ्याकडेच आहे. हंसांबद्दल मात्र दम मिळाला.

फितीचा एक तुकडा पाकिटात घातला आहे. खिडकीशी धर. तू नाही म्हणालीस तर मूळ फीत आम्ही पेटीत घालून बंद करू आणि कुणाला कधी दिसणार नाही. निकीफोरलाही मी काही लिहिलेलं नाही. या खेपेस काय कुठे जोडायचं ते तूच ठरव.

तुझीच
कापा

•

बेरेझानका, ७ ऑक्टोबर १९२६

चि. कापास, घरभरून आशीर्वाद.

पाकीट आलं तेव्हा मार्फा बसली होती. तिला मी मीठ आणायला पाठवलं. मीठ घरात होतं.

तुकडा खिडकीशी धरला. चित्र नखाएवढं, पण दिसतं. आधी वाटलं, या बाईला काय झालंय, हिला कुणीतरी घरी न्या. मग वाटलं, हिला मी ओळखते. ही फ्योदरच्या आधीच्या वर्षांतली आहे, नदीवर नाचायला जायची ती. ती मेली असं मी धरून चालले होते. मी खूप वेळ रागावून बसले; तुझ्यावर, सावेलीच्या बुटावर, त्या लिंडनवर. मग राग संपला, आणि दुसरं काही करायला उरलं नाही, म्हणून शाल घेतली आणि गेले.

निकीफोर हिवाळ्यासाठी पेट्यांना गवत बांधत होता. मी तुकडा त्याच्या हातात दिला आणि उजेडाकडे धर म्हटलं. त्याने आधी उलटा धरला. मग सरळ धरला. त्याला स्वतःची पाठ ओळखू आली नाही. हा कोण म्हातारा, असं विचारलं. मी म्हटलं, तूच तो. मग त्याने तुकडा पुन्हा उजेडाकडे धरला. शेवटी अगदी हळू, माझ्याकडे न पाहता त्याने विचारलं, “या वेळी वासरू कुठे बांधलं होतं?”

मी म्हटलं, “घरी.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने तुकडा घडी घालायला सुरुवात केली, मी हिसकावून घेतला, फितीला घडी घालत नाहीत. एवढं मलाही कळायला लागलंय. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. कुंपणावर कुणी नव्हतं, झाडावर कुणी नव्हतं, आणि काही गोष्टी देशाला न कळल्या तरी देश चालतो.

पुढच्या आठवड्यात पोक्रोवचा सण झाला की लग्न. अध्यक्ष नोंदणी करतील. भाषण नाही, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय; ते म्हणाले, अगदी छोटं. मार्फाने पीठ भिजवलंय, मला न विचारता. दाढीचं विचारशील, तर मी ठेव म्हटलं. हनुवटी मी पाहिली आहे, लोकांनी रोज पाहायची गरज नाही.

तुझ्या गोरेलिकला सांग, दाखवा म्हणावं. मॉस्कोत दाखवा, तिकडे सैबेरियात दाखवा, परदेशात कुणी पाहणार असेल तर तिथेही दाखवा. फक्त बेरेझानकात नको. इथे सगळ्यांना आमच्याआधीच ठाऊक होतं.

लग्नाला तिघंही या. यंत्र आणा. पण सावेलीला म्हणावं, झाडावर चढायचं नाही, पिंपात बसायचं नाही. अंगणाच्या मध्यभागी तिपाई मांडायची आणि मूठ फिरवायची. आम्ही सगळे चांगले कपडे घालून थेट त्याच्या भिंगात बघणार आहोत, आणि कुणी हलणार नाही.

वाट पाहते. आणि या वेळी कोण कुणाची वाट पाहतंय ते जोडणीशिवाय कळेल, अशी आशा आहे.

तुझी मावशी
अन्फिसा

ता. क. निकीफोर म्हणतो, त्याचाही आशीर्वाद लिही. तो शेजारीच बसला आहे. बोलत नाही.